संशयिताचं नाव मला आधी सांगू नका

प्रश्न : मी भाषाविज्ञानात एम.ए. केलं आहे. गुन्ह्याच्या तपासात भाषातज्ज्ञांची मदत घेतात हे कळल्यापासून त्याच कामात पडायचं मनात आहे. सहा आठवड्यांत प्रमाणपत्र देणारे बरेच ऑनलाइन अभ्यासक्रम दिसतात. त्यातला एखादा पुरेल का? नेमकं काय शिकावं लागतं?

उत्तर : सहा आठवड्यांत ओळख होते, ती जरूर करून घ्या. पण तेवढ्या बळावर साक्षीला उभं राहू नका. तुमच्या एका वाक्यावर कुणाची तरी कोठडी किंवा सुटका अवलंबून असेल.

या कामाची जात कळावी म्हणून मी शिकणाऱ्यांपुढे पहिल्याच दिवशी डेरेक बेंटलीचा जबाब ठेवते. १९५२च्या नोव्हेंबरात लंडनजवळ क्रॉयडनला एका घरफोडीच्या प्रयत्नात पोलीस शिपाई मारला गेला. गोळी झाडली सोळा वर्षांच्या साथीदारानं, तो वयामुळे फाशीतून वाचला. एकोणीस वर्षांच्या बेंटलीला जानेवारी १९५३मध्ये फाशी झाली. पोलिसांनी शपथेवर सांगितलं होतं की जबाब त्यानं आपणहून, सलग सांगितला, आम्ही प्रश्न विचारले नाहीत. पुढे माल्कम कूलथर्ड या भाषाशास्त्रज्ञानं तो जबाब शब्द-शब्द मोजत वाचला. त्यात ‘देन’ (म्हणजे ‘मग’) हा इंग्रजी शब्द फार वेळा येतो, आणि बहुतेकदा ‘आय’च्या (म्हणजे ‘मी’च्या) मागून येतो : ‘आय देन’. साधा माणूस बोलताना सहसा ‘देन आय’ म्हणतो. ‘आय देन’ ही पोलिसी जबाबांतली ठेवण. शिवाय अमुक घडलं नाही, तमुक माहीत नव्हतं अशी वाक्यं त्यात मध्येच येतात. घडलेलं सांगणारा माणूस न घडलेल्या गोष्टी उगाच सांगत बसत नाही. कुणीतरी विचारलं असेल तरच सांगतो.

आपल्याकडेही हे ताडून पाहा. घाबरलेला माणूस “मग मी पळालो” म्हणेल. कागदावर “तद्नंतर मी सदर ठिकाणावरून निघून गेलो” आलं असेल तर ते शब्द लिहिणाऱ्याचे आहेत. तेवढ्यानं जबाब खोटा ठरत नाही. पण ‘जसंच्या तसं लिहून घेतलं’ हा दावा मात्र टिकत नाही. या दोन निष्कर्षांतलं अंतर राखता येणं, हेच मुख्य शिक्षण.

बेंटलीचा दोष १९९८मध्ये रद्द झाला. भाषाशास्त्रानं त्याला सोडवलं असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. निकालाचं मुख्य कारण मूळ खटल्यात न्यायाधीशांनी ज्यूरीला केलेलं एकतर्फी मार्गदर्शन हे होतं. आपल्या विषयाचं श्रेय फुगवायचा मोह मला इतका खटकतो, कारण तोच मोह पुढे अहवालात उतरतो.

आता माझा अनुभव. सुरुवातीच्या दिवसांत माझ्याकडे दोन गठ्ठे आले, एक धमकीच्या निनावी संदेशांचा, दुसरा संशयिताच्या रोजच्या संदेशांचा. तपास करणाऱ्यांनी फोनवर सांगून टाकलं, “माणूस हाच आहे, फक्त शिक्कामोर्तब हवंय.” मी अकरा साम्यं काढली. वाक्याच्या शेवटी दोन टिंबं, ‘आणी’, ‘बघून घेइन’मधला ऱ्हस्व, असं बरंच. माझ्या वरिष्ठांनी काहीच न बोलता तिसरा गठ्ठा पुढे ठेवला. तो संशयिताच्याच वयाच्या, त्याच्याच सोबत काम करणाऱ्या, प्रकरणाशी संबंध नसलेल्या माणसाचा होता. अकरापैकी आठ साम्यं त्यातही होती. मी एका माणसाची नव्हे, एका घोळक्याची भाषा पकडली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून पाकिटांवर अ, ब, क एवढंच लिहून मागते आणि नाव सगळ्यात शेवटी ऐकते.

ध्वनिमुद्रणाचंही तसंच. हेलन फ्रेझर या ऑस्ट्रेलियन ध्वनिशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं आहे की अस्पष्ट आवाजासोबत लिखित मजकूर आधी समोर ठेवला, तर ऐकणाऱ्याला तेच शब्द ऐकू येऊ लागतात, मजकूर चुकीचा असला तरी. म्हणून पोलिसांनी ऐकून लिहिलेला मजकूर वाचण्याआधी स्वतः ऐका, स्वतः लिहा.

अभ्यासक्रमाबद्दल थोडक्यात : व्याकरण, ध्वनिशास्त्र, समाजभाषाविज्ञान तुमच्याकडे आहेच. संख्याशास्त्र नीट शिका, ते टाळून चालणार नाही. पुराव्याचा कायदा वाचा. न्यायालयात बसून उलटतपासण्या ऐका. पूर्ण पदवी करायची तर ब्रिटनमध्ये ॲस्टन विद्यापीठात या विषयाची स्वतंत्र संस्था आहे, यॉर्कला आवाजाच्या बाजूचा अभ्यासक्रम आहे, अमेरिकेत हॉफ्स्ट्रा विद्यापीठात एम.ए. आहे.

प्रश्न : मला निनावी मेसेज येतात. लिहिणारा ‘की’ ऐवजी ‘कि’ लिहितो. माझा एक सहकारीही ‘कि’च लिहितो. हा पुरावा होऊ शकतो का?

उत्तर : नाही. ‘कि’ असंख्य लोक लिहितात. शिवाय मोबाइलचा कीबोर्ड शब्द सुचवतो, तेव्हा वेलांटी माणसाची की यंत्राची हेही आधी पाहावं लागतं. कामाला येतं ते दुर्मीळ लकबींचं एकत्र येणं, आणि त्यासाठी मजकूर भरपूर लागतो. अमेरिकेत बॉम्ब पाठवणाऱ्या टेड काझिन्स्कीचा सुमारे ३५,००० शब्दांचा जाहीरनामा १९९५मध्ये छापला गेला. त्याच्या भावाकडे त्याची अनेक वर्षांची पत्रं होती, म्हणून लकबी ओळखता आल्या. केक खाऊन पुन्हा तो राखता येत नाही, ही इंग्रजी म्हण तो हल्लीच्या रूढीच्या उलट, जुन्या क्रमानं, म्हणजे ‘खाणं’ आधी आणि ‘राखणं’ नंतर असं लिहायचा आणि पत्रांतही तोच क्रम होता. तरीही या तुलनेचा उपयोग झाला तो झडतीचं वॉरंट मिळवायला. बॉम्बचं साहित्य त्याच्या झोपडीत सापडलं १९९६मध्ये.

तुमच्याकडे आहेत चार ओळी. सहकाऱ्याला काही बोलू नका. तो निर्दोष असेल तर तुम्ही त्याचं आयुष्य नासवाल. मेसेज पुसू नका आणि शुद्धलेखन सुधारून दुसरीकडे उतरवूनही ठेवू नका. आलेत तसेच, तारीख-वेळेसकट, फोनमध्ये राहू द्या. धमकी असेल तर आजच तक्रार द्या, आणि तक्रारीत ‘लिहिणारा कोण ते माहीत नाही’ असंच लिहा.