‘नाक्तखेबोरेन’ : एका डच आडनावाची खरी हकीकत

प्रश्न : डच शास्त्रज्ञांच्या एका यादीत ‘नाक्तखेबोरेन’ हे आडनाव वाचनात आले. डच भाषेत त्याचा अर्थ ‘नग्न जन्मलेला’ असा होतो, असे समजले. नेपोलियनने नेदरलँड्समध्ये आडनावाची सक्ती केली तेव्हा चिडलेल्या लोकांनी सरकारची टर उडवण्यासाठी असली नावे नोंदवून दिली, अशी कथाही सोबत वाचायला मिळाली. ही कथा खरी आहे काय? हे आडनाव मूळचे डच आहे की जर्मन? आणि ते किती प्रचलित आहे, हे कसे ठरवतात?

उत्तर : कथा मोठी गमतीची आहे, परंतु खरी नाही. डच आडनावांचा अभ्यास करणारे संशोधक अनेक वर्षांपासून ती खोडून काढत आले आहेत, तरीही तिचे आयुष्य काही संपत नाही. परक्या बादशहाला साध्या शेतकऱ्याने शेंडी लावली, असे सांगणारी कथा कोणत्याही देशात सहजासहजी मरत नसते.

कथेतला ऐतिहासिक भाग तेवढा पक्का आहे. जुलै 1810 मध्ये नेपोलियनने हॉलंडचे राज्य फ्रेंच साम्राज्यात विलीन केले. मार्च 1811 पासून देशाच्या बहुतेक भागांत फ्रेंच पद्धतीची नागरी नोंदणी सुरू झाली आणि 18 ऑगस्ट 1811 रोजी फर्मान निघाले की, ज्यांना कायम आडनाव नाही त्यांनी ते ठरवून सरकारदरबारी नोंदवावे. सगळी मेख ‘ज्यांना कायम आडनाव नाही त्यांनी’ या शब्दांत आहे, कारण ज्यांच्याकडे आडनाव होते त्यांना नवे नाव घेण्याचे काही कारणच नव्हते. पश्चिमेकडच्या हॉलंड प्रांतात आणि शहरांमध्ये बहुतेक घराण्यांची आडनावे त्यापूर्वीच स्थिरावली होती. आडनावाविना चाललेली कुटुंबे मुख्यतः फ्रीसलंड, ग्रोनिंगेन, ड्रेंटे अशा उत्तरेकडच्या आणि पूर्वेकडच्या भागांत होती. तिथे ‘यानचा मुलगा पीटर’ आणि ‘पीटरचा मुलगा यान’ अशी पितृनामे पिढीगणिक बदलत असत.

त्या वेळच्या नोंदवह्यांपैकी अनेक आजही उपलब्ध आहेत आणि त्या चाळल्या तर बंडखोरीचा मागमूस लागत नाही. कुटुंबप्रमुख मेयरसमोर उभा राहतो. आपण अमुक आडनाव घेत आहोत, किंवा पूर्वीपासूनचेच पुढे चालू ठेवत आहोत, असे सांगतो. मग मुलामुलींची नावे, त्यांची वये आणि राहण्याची गावे लिहिली जातात, नातवंडे असतील तर तीही येतात, आणि शेवटी त्याची सही असते किंवा त्याला लिहिता येत नसल्याचा शेरा असतो. नोंदलेली आडनावे पाहिली तर कुणी धंद्यावरून ‘बाकर’ म्हणजे पाववाला झाला आहे, कुणी बांधाजवळ राहतो म्हणून ‘डाइकस्ट्रा’. फ्रीसलंडमधला हा ‘-स्ट्रा’ प्रत्यय जवळजवळ आपल्या ‘-कर’चेच काम करतो. स्वतःच्या मुलानातवंडांची नावे एका कागदावर लिहून देताना त्यांच्या कपाळी कायमची थट्टा चिकटवणारा माणूस विरळाच असणार, हे त्या नोंदी वाचताना सहज लक्षात येते. हे फर्मान फार दिवस टिकणार नाही असे लोकांना वाटत होते म्हणून त्यांनी थट्टा केली, असेही सांगितले जाते. प्रत्यक्षात 1813 च्या अखेरीस फ्रेंच निघून गेल्यावरही सक्ती सुटली नाही. उलट आडनाव न घेतलेल्यांसाठी राजा विल्यम पहिला याने 1825 मध्ये तोच हुकूम पुन्हा काढला.

‘नाक्तखेबोरेन’चा तर या फर्मानाशी काही संबंधच येत नाही, कारण हे आडनाव 1811 च्या पुष्कळ आधीपासून प्रचारात होते. ज्याचा जन्म नेपोलियनच्या आधी झाला, त्याच्या बारशाचे श्रेय नेपोलियनला देता येत नाही.

आता अर्थाकडे वळू. ‘नाक्त’ म्हणजे नग्न आणि ‘खेबोरेन’ म्हणजे जन्मलेला, ही आजच्या डच भाषेतली फोड अगदी बरोबर आहे, पण आडनाव म्हणून ती निरर्थक ठरते. आडनावाचे, आणि ज्यातून ते निघते त्या टोपणनावाचेही, पहिले काम म्हणजे एका माणसाला दुसऱ्यापासून वेगळे दाखवणे. उंच, लंगडा, लाल केसांचा, गिरणीवाला, टेकडीवरचा ही सगळी वेगळेपणाची लक्षणे झाली. नग्न जन्मलेला कोण नसतो? शेजाऱ्यांनी एखाद्याला हाक मारण्यासाठी असे विशेषण निवडावे, हे संभवत नाही. एखाद्या जुन्या आडनावाचा सरळ अर्थ इतका पोकळ निघाला, तर ते मूळ रूपात आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही, अशी शंका घ्यावी.

संशोधकांनी दिलेले उत्तर जर्मन भाषेत सापडते. जर्मनमध्ये ‘नाख’ म्हणजे नंतर आणि ‘गेबोरेन’ म्हणजे जन्मलेला, तेव्हा ‘नाखगेबोरेन’ म्हणजे नंतर जन्मलेला. हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. एक म्हणजे थोरल्या भावंडांनंतर जन्मलेले धाकटे मूल, आणि दुसरा म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतर जन्मलेले मूल. मला दुसरा अर्थ अधिक पटतो, कारण धाकटी मुले घरोघरी असतात, तर जन्माआधीच पितृछत्र हरपलेले मूल गावात एखादेच असते आणि त्याची ही ओळख लोक विसरत नाहीत. अशा मुलाला स्वतंत्र ओळख देण्याची गरज त्या समाजाला वाटत होती, याचा दाखला नेदरलँड्समध्येही आहे. वडिलांच्या पश्चात मुलगा झाला तर त्याला बहुधा वडिलांचेच नाव ठेवीत. एरवी मुलांची नावे आजोबांच्या आणि आजींच्या नावांवरून ठेवण्याची रीत असल्याने हा अपवाद ठळकपणे जाणवतो.

जर्मन नाव डच झाले कसे, हे समजायला फार खटपट नको. सतराव्या आणि अठराव्या शतकांत डच प्रजासत्ताक युरोपातल्या सर्वांत श्रीमंत प्रदेशांपैकी एक होते आणि शेजारच्या जर्मन प्रदेशांतून तिथे माणसांचा ओघ अखंड चालू होता. कुणी गवतकापणीच्या आणि पीट (जळणासाठी वापरायची दलदलीतली माती) खणण्याच्या हंगामापुरते येत, कुणी सैन्यात भरती होत, कुणी जहाजांवर चढत, तर कुणी लग्न करून तिथलेच होऊन जात. अशा माणसाचे नाव लिहून घेणारा होता गावचा पाद्री किंवा कारकून. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या चर्चमधल्या वह्या तोच भरत असे आणि नावे कानांवर पडतील तशी लिहीत असे. शुद्धलेखनाचा धाक तेव्हा कुणालाच नव्हता, आणि एकाच माणसाचे नाव लग्नाच्या नोंदीत एका तऱ्हेने तर मुलाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले आढळणे ही रोजचीच गोष्ट होती.

त्या कानाने काय ऐकले असेल, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. ‘गेबोरेन’ हा शब्द दोन्ही भाषांत अक्षरशः सारखाच लिहितात, फक्त डच माणूस त्यातल्या पहिल्या अक्षराचा उच्चार घशातून, ‘ख’च्या जवळचा करतो. त्यामुळे ‘नाखगेबोरेन’ डच जिभेवर आले की घशात घासून निघणारे दोन घर्षक ध्वनी एकमेकांना भिडतात आणि मधला सांधा अस्पष्ट होतो. ‘नंतर’ या अर्थी डच शब्द नुसता ‘ना’ असल्याने ‘नाख’ हा तुकडा ऐकणाऱ्याला परका वाटतो. त्याच्या भाषेत या ध्वनीला सर्वांत जवळचा आणि अर्थपूर्ण शब्द आहे ‘नाक्त’. परक्या शब्दाला ओळखीच्या शब्दाचा अंगरखा चढवण्याच्या या प्रक्रियेला भाषाशास्त्रात लोकव्युत्पत्ती म्हणतात. तेव्हा थट्टा जर कुणी केलीच असेल, तर ती आडनाव घेणाऱ्याने केलेली नसून दोन सख्ख्या भाषांमधल्या किंचित फरकाने केलेली आहे. ‘जर्मन की डच’ या आपल्या प्रश्नाचे उत्तरही यातच येते. आशय जर्मन आणि रूप डच.

नेपोलियनच्या कारकिर्दीचा खरा परिणाम झाला तो लेखनावर. नागरी नोंदणी सुरू झाल्यावर मुलाचे आडनाव वडिलांच्या नोंदीप्रमाणे लिहिणे बंधनकारक झाले आणि तोपर्यंत सैलपणे बदलत आलेली रूपे त्या क्षणी होती तशी गोठली. कारकुनाने एखादे अक्षर दुप्पट लिहिले तर तेही वंशपरंपरेने पुढे गेले. आज वेगळी समजली जाणारी कितीतरी डच आडनावे अशी एकाच नावाची गोठलेली रूपे आहेत.

जाता जाता एक योगायोग सांगण्याचा मोह आवरत नाही. हेच आडनाव असलेल्या एका डच प्राणिशास्त्रज्ञाचा अभ्यासविषय प्राण्यांची प्रसूती हा होता, आणि 1970 मध्ये जन्मप्रक्रियेच्या जीवशास्त्रावर प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन ग्रंथाचे ते सहलेखक होते. आपण पाहिलेल्या यादीत कदाचित तेच असावेत.

प्रचलनाबद्दल सांगायचे तर या कामी नेदरलँड्स फार सोयीचा देश आहे. भाषा आणि संस्कृतीचा अभ्यास करणाऱ्या ॲमस्टरडॅमच्या मेर्टेन्स संस्थेने उभारलेल्या आणि आता हेगच्या कौटुंबिक इतिहास केंद्रामार्फत चालणाऱ्या आडनावकोशात तीन लाखांहून अधिक आडनावे असून, प्रत्येक नावापुढे 1947 च्या जनगणनेतला आणि 2007 च्या लोकसंख्या नोंदणीतला असे दोन आकडे दिलेले असतात. सोबत प्रत्येक नगरपालिकेतले प्रमाण दाखवणारा नकाशाही असतो. एखाद्या नावाचे धारक पाचांपेक्षा कमी असतील तर माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून नेमका आकडा न देता ‘5 पेक्षा कमी’ एवढेच छापतात. ‘दे योंग’ हे सर्वांत मोठे आडनाव 80 हजारांहून अधिक लोकांचे, आणि ‘यानसेन’ व ‘दे व्रीस’ ही प्रत्येकी 70 हजारांहून अधिक लोकांची आहेत. ‘नाक्तखेबोरेन’ त्या पंक्तीत कुठेच बसत नाही.

दोन आकड्यांची तुलना करताना मात्र एक पथ्य पाळावे. 1947 मध्ये देशाची लोकसंख्या सुमारे 96 लाख होती आणि 2007 मध्ये ती सुमारे 1 कोटी 64 लाख झाली, म्हणजे साठ वर्षांत ती 1.7 पट झाली. त्यामुळे एखाद्या आडनावाचे धारक 300 वरून 500 झाले असतील तर ते आडनाव वाढले असे म्हणता येत नाही. ते जिथे होते तिथेच आहे, आणि 300 चे 400 झाले असतील तर प्रमाणाच्या हिशेबाने ते मागे पडले आहे.

नकाशाचे महत्त्व आकड्यापेक्षाही जास्त आहे, असे माझे मत आहे. दुर्मीळ आडनाव देशभर विखुरलेले असेल तर ते अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे निर्माण झाले असण्याची शक्यता असते. ते दोनचार शेजारच्या गावांत दाटलेले दिसले तर सगळे धारक एकाच मूळपुरुषाचे वंशज असण्याचा संभव वाढतो, आणि मग त्या भागातल्या चर्चच्या वह्यांत जुने रूप शोधण्याला दिशा मिळते. ही शोधाशोध सर्वांत जुन्या लेखनापासून सुरू करावी. आजच्या शब्दकोशातला अर्थ घेऊन मागे जाणाऱ्याला हमखास चकवा लागतो.

प्रश्न : दुर्मीळ आडनावे कालांतराने नाहीशी होतात, हे खरे काय? घराणे दुबळे असल्याचे ते लक्षण मानावे काय?

उत्तर : नाहीशी होतात, पण त्यात दुबळेपणाचा काही प्रश्न नसतो. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी 1873 मध्ये नेमका हाच प्रश्न गणितज्ञांपुढे ठेवला आणि हेन्री विल्यम वॉटसन यांनी तो सोडवण्याची पद्धत दिली. आडनाव फक्त मुलग्यांकडून पुढे जाते असे धरा आणि समजा की, प्रत्येक पुरुषाला मुलगा नसण्याची शक्यता एक चतुर्थांश, एकच मुलगा असण्याची एक द्वितीयांश आणि दोन असण्याची एक चतुर्थांश आहे. सरासरी बरोबर एक मुलगा, म्हणजे लोकसंख्या स्थिर. तरीही एकेका पुरुषापासून सुरू झालेल्या 100 आडनावांपैकी पहिल्या पिढीनंतर सुमारे 25, दुसऱ्या पिढीनंतर सुमारे 39 आणि तिसऱ्या पिढीनंतर सुमारे 48 आडनावे संपलेली असतात. हा नुसता योगायोगाचा हिशेब आहे. ज्या नावाचे धारक हजारो आहेत त्याला तो जाणवत नाही, आणि ज्याचे मोजके आहेत त्याचा घास मात्र तो दोनतीन पिढ्यांत घेऊ शकतो. वॉटसन यांनी यावरून सगळीच आडनावे शेवटी संपणार असा निष्कर्ष काढला, तो मात्र चुकीचा होता. सरासरी एकाहून थोडी जरी अधिक असली तरी काही आडनावे कायम तग धरू शकतात.

नेदरलँड्सपुरते बोलायचे तर या हिशेबाचे गृहीतकच आता बदलले आहे. तिथे 1998 पासून आईवडील मुलाला दोघांपैकी कुणाचेही आडनाव देऊ शकतात आणि 1 जानेवारी 2024 पासून दोन्ही जोडूनही देऊ शकतात. मुलगीही आडनाव पुढे नेऊ शकते, तेव्हा दुर्मीळ नावाचे आयुष्य वाढायला हरकत नाही. दुसऱ्या बाजूला, आडनाव अशोभनीय किंवा हास्यास्पद असेल तर ते बदलून घेण्याची सोय तिथल्या नियमांत आहे. अतिप्रचलित असल्यामुळे ज्या आडनावाने माणूस नीट ओळखता येत नाही, ते बदलण्यासाठीही तिथे अर्ज करता येतो.