जाणकारांना विचारा : वाडा पाडण्यापूर्वी

प्रश्न : शनिवार पेठेतला आमचा वाडा 'पेशवेकालीन' आहे असे घरात सांगतात. आता तो पुनर्विकासाला जाणार आहे. तो खरोखर किती जुना, हे कसे शोधायचे? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : कागद पुढच्या वर्षीही मिळतील, वाडा मिळणार नाही. म्हणून आधी वाडाच वाचा. दोघांनी टेप धरून प्रत्येक चौक, ओसरी, पडवी मोजा आणि खांबांतली अंतरे खणाखणाने लिहून १:५० प्रमाणात नकाशा काढा. खणांची मापे जिथे एकदम बदलतात, तिथे बहुधा वेगळ्या काळातली भर जोडलेली असते.

मग जोते, खांब, तुळया आणि कौले वेगवेगळी तपासा. एकाच वाड्यात या चौघांची वये चार असू शकतात, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. मंगलोरी कौलांचा कारखाना १८६५ साली मंगळूरला सुरू झाला, तेव्हा तशी कौले पेशवाईतली असणे शक्य नाही. पण त्यावरून वाडा नवा ठरत नाही, फक्त छप्पर बदलल्याचे कळते. माळ्याखाली लोखंडी रूळ असतील तर तार-ब्रशने गंज काढून पाहा. 'डॉर्मन लाँग, इंग्लंड' अशी उठावाची अक्षरे निघाली तर तो रूळ १८७५ नंतरचाच, कारण ती कंपनीच त्या साली निघाली. तुळईवर वाकसाचे, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराचे, उथळ, वेडेवाकडे घाव दिसले तर ती हाताने तासलेली. एकसारख्या अर्धवर्तुळाकार रेघा असतील तर ती यंत्राच्या गोल करवतीतून निघालेली. सुरूच्या झाडाच्या आकाराचा नक्षीदार खांब मात्र एकटा पुरावा मानू नका. पडलेल्या वाड्यांचे खांब विकत घेऊन दुसरीकडे बसवत असत. खांबाच्या अंगावर आता कशालाच न लागणारी कुसाची (सांध्याची) भोके राहिली असतील तर तो दुसरीकडून आला असावा. सिमेंटचा गिलावा झालेल्या भिंतीत विटा दिसत नाहीत. त्यासाठी जिना किंवा मोरीमागचा कोपरा गाठा.

आता कागद. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका घ्याच, पण तेवढ्यावर थांबू नका. चौकशी नोंदवहीचा (मोजणीच्या वेळी झालेल्या हक्काच्या चौकशीच्या नोंदींचा) उतारा आणि मूळ मोजणीचा नकाशाही मागा. जुन्या नकाशातला चौक आज बांधलेला दिसला, तर ती भर मोजणीनंतरची. पत्रिकेवरची पहिली तारीख मात्र चौकशीची असते, बांधकामाची नव्हे. घरातली खरेदीखते मिळाली तर चतुःसीमा, म्हणजे चारही बाजूंच्या हद्दी, नीट उतरवून घ्या. घर क्रमांक बदलतात, पण 'पूर्वेस अमक्याचा वाडा' हे टिकते, आणि त्या अमक्याच्या कागदांतही तुमचा वाडा सापडतो. नदीकाठच्या अनेक घरांतले दस्त १२ जुलै १९६१च्या पानशेत पुरात गेले. तुमचेही गेले असतील तर शेजाऱ्यांचे दस्त पाहणे हाच मार्ग उरतो.

शेवटी पुणे पुरालेखागार, म्हणजे पेशवे दफ्तर, आणि भारत इतिहास संशोधक मंडळ. पेशवाईत घरांच्या खरेदी-विक्रीची नोंद कोतवालाकडे होत असे, म्हणून कोतवालीचे कागद आधी मागा. नुसते आडनाव सांगून रुमाल, म्हणजे कागदांचे गाठोडे, हाती लागत नाही. पेठ, व्यक्तीचे नाव आणि अंदाजे साल द्या. शनिवार पेठेचे जुने नाव मुर्तुजाबाद, त्या नावानेही शोधा.

प्रश्न : आमच्या मोडी कागदावर 'सन सबैन मया व अलफ' आहे. कुणी १७५६ म्हणतात, कुणी १७६९. बरोबर काय?

उत्तर : १७६९ म्हणणारे बरोबर, फक्त अर्धे. सबैन ७०, मया १००, अलफ १०००, म्हणजे सन ११७०. हा शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत वापरलेली कालगणना, आहे. त्यात ५९९ मिळवले की १७६९ येते. हिजरी सन समजून वाचले की १७५६ निघते, आणि वाडा तेरा वर्षांनी म्हातारा होतो. शुहूर वर्ष जूनच्या सुरुवातीला, मृग लागला की बदलते, त्यामुळे हे वर्ष जून १७६९ ते जून १७७० असे धरा. कागदावर 'छ' अक्षरापुढे चांद्र तारीख व महिना असेल, तो जंत्रीत (जुन्या तारखांचा मेळ घालून देणाऱ्या कोष्टकात) लावला की नेमका दिवसही निघेल.