लॅपटॉप चालू केला की मेन्यू येतो आणि १० सेकंदांनी उबंटूच उघडतं. विंडोज आधी यावं म्हणून ग्रब काढून टाकू का?

अजिबात नको. नुसता क्रम बदलायचाय, त्यासाठी ग्रब, म्हणजे तो मेन्यू दाखवून विंडोज किंवा उबंटू (लिनक्स) सुरू करणारा अख्खा बूटलोडर, कशाला उपटताय? 'उबंटूचं पार्टिशन उडव, मेन्यू आपोआप जाईल' असा सल्ला कुणी दिला असेल तर ते बहुतेक आमचे भावोजीच.

त्यांनी भाचीच्या लॅपटॉपवर हेच केलं. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये उबंटूच्या पार्टिशनला ड्राइव्ह लेटर नसतं. भावोजींना वाटलं, एवढी जागा फुकट पडलीय. डिलीट! पुन्हा मशीन चालू केलं तर काळ्या स्क्रीनवर नुसतं 'ग्रब>' आणि लुकलुकणारा कर्सर. लॅपटॉप थेट लॅमिंग्टन रोडला. दुकानदार म्हणे, लिनक्समुळे हार्ड डिस्क गेली, फॉरमॅट मारावा लागेल, डेटाची गॅरंटी नाही. भाचीचा बारावीचा प्रोजेक्ट त्यातच. ताईचा फोन आला, मागून भावोजी ओरडतायत, "सांगत होतो, ते फुकटातलं सॉफ्टवेअर घरात नको!"

भांडुपहून फास्ट लोकल पकडून गेलो. काउंटरवर उभ्या उभ्या 'एक्झिट' टाइप केलं, एंटर मारला. विंडोज उघडलं. ग्रबची छोटी फाइल ईएफआय पार्टिशनमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या फाइलींच्या वेगळ्या कप्प्यात) शाबूत होती, पण मेन्यूची सेटिंग होती उबंटूच्या पार्टिशनवर, आणि तेच उडवलेलं. एक्झिट केल्यावर फर्मवेअर, म्हणजे मशीन चालू होताच आधी जागं होणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर, बूटच्या यादीतल्या पुढच्या नावाकडे गेलं, इतकंच. मग बायोसमध्ये, म्हणजे त्याच फर्मवेअरच्या सेटिंग्जमध्ये, 'विंडोज बूट मॅनेजर' वर सरकवलं. तरीही दुकानदाराने 'चेकिंग'चे पैसे मागितले आणि भावोजींनी ते मुकाट दिले. मला मात्र आजतागायत ऐकवतात की बिघाड लिनक्सनेच केला होता.

तर तुमचं. बायोसमध्ये हाच क्रम बदलला तरी चालेल, मग उबंटू हवं तेव्हा बूट मेन्यूची की दाबायची. मी स्वतः मात्र उबंटूतल्या 'ईटीसी'मधल्या 'डिफॉल्ट' फोल्डरातल्या ग्रबच्या फाइलमध्ये 'ग्रब_डिफॉल्ट'ला 'सेव्ह्ड' आणि 'ग्रब_सेव्हडिफॉल्ट'ला 'ट्रू' करतो, मग टर्मिनलमध्ये 'सुडो अपडेट-ग्रब'. एकदा मेन्यूतून विंडोज निवडा, पुढच्या वेळी तेच आधी येईल. अपडेटनंतर विंडोज यादीतूनच गायब झालं तर घाबरू नका. ग्रब २.०६ पासून, म्हणजे २०२१ पासून, दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद असतो. त्याच फाइलमध्ये 'ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर'ला 'फॉल्स' करा आणि पुन्हा 'सुडो अपडेट-ग्रब'.

हो, एक राहिलं, आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. बिटलॉकर (विंडोजमधलं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर बूटचा क्रम बदलण्याआधी रिकव्हरी की लिहून ठेवा. मशीन ४८ आकडी की मागून बसतं, आणि तेव्हा लॅमिंग्टन रोडवालाही काही करू शकत नाही. भावोजी तर नाहीच नाही.