जीवाश्म की ठसा? आणि 'दुर्मिळ' नेमकं काय?

प्रश्न असा आहे: जेलीफिशला हाड नाही, कवच नाही. मग दगडात उरलेल्या तिच्या खुणेला 'जीवाश्म' म्हणावं की नुसता 'ठसा'? आणि 'दुर्मिळ जेलीफिशचे जीवाश्म' हा प्रयोग बरोबर आहे का?

'जीवाश्म' खुशाल म्हणा. जीव अधिक अश्म या फोडीमुळे शरीराचाच दगड झाला असावा असं वाटतं, पण शास्त्रात हा शब्द पुष्कळ ऐसपैस आहे. पाऊलखुणा आणि बिळंही त्यात येतात. ठसा हा त्याचाच एक प्रकार. 'अश्मीभूत जेलीफिश' मात्र मी लिहिणार नाही. अंगात ९५ टक्क्यांच्या आसपास पाणी, त्याचा दगड कसा होणार?

आणि सरसकट 'ठसा'ही नको. ऑस्ट्रेलियातल्या एडियाकरा टेकड्यांत वालुकाश्मावर मऊ अंगाच्या जिवांचे खरेखुरे ठसे उमटले आहेत. कॅनडातल्या बर्जेस शेल या खडकाच्या थरांत उरतो तो कार्बनचा पापुद्रा. दगड उजेडात तिरका धरला की तो चकाकतो. सुमारे ५० कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या या थरांतल्या 'बर्जेसोमेड्युसा' या जेलीफिशचं वर्णन २०२३ साली प्रसिद्ध झालं. तिचे ९० हून अधिक संस्पर्शक (लोंबणारे धाग्यांसारखे अवयव) त्या पापुद्र्यात मोजता आले! अशा नमुन्याला ठसा म्हटलं तर दगडात प्रत्यक्ष काय आहे तेच हरवतं.

आता 'दुर्मिळ'. मला हा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो. 'दुर्मिळ जेलीफिश' म्हटलं की तो प्राणीच विरळा होता असा अर्थ लागतो. समुद्रात त्यांचे थवेच्या थवे असतील, पण मेल्यावर काही दिवसांत सगळं विरघळून जातं. गाळाने झटपट गाडलं आणि प्राणवायू पोचला नाही, तरच काही उरण्याची आशा. म्हणून विशेषण हलवा: 'जेलीफिशचे दुर्मिळ जीवाश्म'.

पण उरलेलं तरी ओळखता यायला हवं. अमेरिकेत इलिनॉयमधल्या मेझन क्रीक इथे लोहयुक्त गोटे फोडले की दोन्ही अर्ध्यांत 'एसेक्सेला' दिसतो. हजारो नमुने मिळाले, आणि कित्येक दशकं ती जेलीफिशच मानली गेली. २०२३ मध्ये संशोधकांनी ती आकृती उलटी धरून पाहिली, तर ते समुद्रपुष्प (सी अॅनिमोन, तळाला चिकटून राहणारा प्राणी) निघालं. त्यामुळे ओळख पक्की नसेल तिथे मी 'जेलीफिशसारखा जीवाश्म' असं लिहितो.