वाचकांचे प्रश्न : भेट द्यायची गोधडी

प्रश्न : मी यंदा बँकेतून निवृत्त झाले. आईच्या पाच-सहा नऊवारी साड्या आणि तिचेच जुने शिवणयंत्र माझ्याकडे आहे. भाचीचे बाळंतपण दिवाळीच्या सुमारास आहे, तेव्हा बारशाला तुकडे जोडून केलेली छोटी गोधडी द्यावी असे मनात आहे. ब्लाउज सोडून मी आजवर काही शिवलेले नाही. आधी एखादा वर्ग लावावा की थेट सुरुवात करावी? आणि हे काम त्या यंत्रावर होईल का?
– एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : ब्लाउजची बाही मुंढ्यात बसवणे हे चौकोन जोडण्यापेक्षा कितीतरी कठीण काम आहे आणि ते तुम्हाला येते, म्हणून सुरुवात घरीच करा, नेमके कुठे अडते ते कळले की मग वर्गाला जा, म्हणजे तिथे विचारायला प्रश्न हाताशी असतील. यंत्राची काळजी नको. तुकडे जोडायला सरळ टिपेखेरीज काहीच लागत नाही. तेल घालून घ्या, १४ नंबरची नवी सुई बसवा आणि टिपेची लांबी दोन ते अडीच मिलिमीटरवर ठेवा. खरी मेहनत यंत्रावर बसण्याच्या आधीची आहे आणि मला तिच्याबद्दलच सविस्तर लिहायचे आहे, कारण भेट दिलेली गोधडी कशी शिवली आहे हे पहिल्या धुलाईत कळते.

आईच्या साड्या एकेक करून उजेडासमोर धरा. नऊवारी बसण्याच्या जागी आणि काष्ट्याला विरते. तिथून उजेड जाळीसारखा दिसला, तर तो भाग वरच्या थरासाठी घेऊ नका, कारण चौकोन कितीही सुंदर दिसला तरी वर्षभरात तो टिपेपाशी फाटेल. काठाजवळचा आणि आतल्या बाजूला राहिलेला भाग बहुधा चांगला असतो. एखादी साडी इरकल असेल, तर तिचा पदर रेशमी आणि अंग सुती असू शकते. ही दोन कापडे धुण्यात सारखी वागत नाहीत, तेव्हा बाळाच्या गोधडीत फक्त सुती अंग वापरा आणि पदर वेगळा जपून ठेवा. गडद लाल, निळ्या आणि काळ्या कापडाचा रंग तपासल्याशिवाय त्याला कात्री लावू नका. ओले पांढरे फडके त्यावर ठेवून वरून गरम इस्त्री दाबा. फडक्यावर डाग उमटला, तर ते कापड पुन्हा पुन्हा धुवा आणि तरीही रंग जात राहिला, तर ते सरळ बाजूला काढा. आईची साडी बाजूला काढताना जिवावर येते हे मला ठाऊक आहे, परंतु एका तुकड्याच्या रंगाने बाकीचे ऐंशी तुकडे डागाळले, तर ते दुःख अधिक मोठे असते.

फिकट रंग कमी पडले, तर मॅचिंग सेंटरमध्ये मिळणारे टू बाय टू रुबियाचे कापड जुन्या साडीच्या पोताशी चांगले जुळते. ते जांभळी नाक्याच्या बाजारात मिळेल. छापील सुती कापडात निवड हवी असेल, तर एक दिवस काढून मुंबईच्या मंगलदास मार्केटला जाऊन या. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात शंभर सेंटिमीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर आटू शकते आणि जुनी साडी मात्र आटून केव्हाच स्थिर झालेली असते, म्हणून नवे कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच कापा. नाहीतर शिवलेली गोधडी धुतल्यावर काही चौकोन ताणलेले आणि काही फुगलेले दिसतात.

आता मापे. साडेचार इंचांचे ८१ चौकोन कापा आणि पाव इंच माया, म्हणजे शिवणीबाहेर राहणारे कापड, ठेवून नऊच्या नऊ ओळी जोडा, म्हणजे ३६ इंचांचा वरचा थर तयार होईल. आत बाजारचे जाड भरण घालू नका. आईच्याच साडीचे विरलेले भाग दोन थर करून घाला, आणि खाली एकसंध सुती कापड लावा. जमिनीवर तिन्ही सपाट पसरून, मधून कडेकडे जात हाताने कच्चा धावदोरा घाला. कडेने सुरुवात केली की मध्ये फुगा राहतो आणि तो नंतर कशानेही जात नाही. मग यंत्राची टीप तीन मिलिमीटर करून चौकोनांच्या रेषांवरून शिवा. कडेला अडीच इंच रुंदीची, दुहेरी दुमडलेली पट्टी लावा. ती उरेबीच, म्हणजे कापडाच्या तिरक्या रेषेत कापलेली, हवी असा अनेकींचा समज आहे, पण सरळ कडांना सरळ कापलेली पट्टी चालते आणि कापडही वाचते. उरेबीची गरज गोलाईला असते.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. पहिल्या वर्षात बाळाच्या झोपण्याच्या जागी सैल पांघरूण किंवा मऊ अंथरूण ठेवू नये, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो. तेव्हा ही गोधडी बाळ जागे असताना आणि कोणी समोर बसलेले असताना खाली अंथरण्यासाठी द्या आणि देताना भाचीला तसे सांगा. बटणे, मणी, टिकल्या, घुंगरू यांपैकी काहीही तिच्यावर लावू नका.

प्रश्न : मी ऐरोलीत दोन मित्रांबरोबर भाड्याच्या खोलीत राहतो. यंत्र नाही आणि ठेवायला जागाही नाही. गावी आजी वाकळ शिवत असे, ते पाहत मी मोठा झालो. बहिणींना आणि आईला हाताने शिवलेल्या वस्तू द्याव्यात असे वाटते. काय करता येईल?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : आजीने यंत्राविना केले तेच तुम्हीही करू शकता. सुई, सुती दोरा, कात्री, पट्टी आणि खडू एवढेच सामान लागते आणि ते एका डब्यात मावते. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या स्त्रिया ज्या पद्धतीने कवंदी, म्हणजे त्यांची ठिगळांची गोधडी, शिवतात, ती जागेची अडचण असलेल्यांना फार सोयीची आहे. त्यात वरचा थर आधी वेगळा जोडून घ्यावा लागत नाही. खालच्या कापडाच्या एका कोपऱ्यापासून सुरुवात करून, एकेक ठिगळ कडा दुमडून ठेवत, चारी बाजूंनी फिरत धावदोरा घालत मध्याकडे यायचे असते. ठिगळ बसवणे आणि गोधडी शिवणे ही दोन कामे एकाच टाक्यात होतात. शेवटी चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची लहान फुले लावतात आणि ती लावल्याखेरीज त्या बायका काम पूर्ण झाले असे मानत नाहीत. एकदम मोठी वाकळ घेऊ नका. याच पद्धतीने १५ इंचांचे आसन शिवा; रोज तासभर बसलात, तर काही आठवड्यांत हातात येईल, आणि टाका सारखा पडू लागला की दुसरे आसन आईला द्या. पहिले स्वतःच्या खोलीत वापरा आणि तीन-चार वेळा धुऊन पाहा.

बहिणींसाठी दोरी ओढून बंद करायचा बटवा करा. स्वयंपाकघरासाठी गरम भांडे उचलायचे जाड चौकोन शिवणार असाल, तर त्यात कृत्रिम धाग्याचे कापड किंवा भरण अजिबात घालू नका, कारण ते उष्णतेने वितळते आणि हात भाजतो. जुन्या सुती चादरीचे किंवा टॉवेलचे थर घाला. शिंप्याकडून आणलेल्या कात्रणांची खात्री नसेल, तर एक धागा चिमट्यात धरून जाळून पाहा. सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गुठळी होते.

प्रश्न : मी गेले वर्षभर तुकडे जोडते आहे, पण चौकोनांचे कोपरे जुळत नाहीत आणि ओळीही लहानमोठ्या होतात. अशी गोधडी कोणाला द्यायला संकोच वाटतो.
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : दोष बहुधा मायेत आहे. प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंनी जेमतेम दीड मिलिमीटर कापड जास्त गेले, तर नऊ चौकोनांच्या ओळीतल्या आठ शिवणींत मिळून ती ओळ २४ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक इंच, आखूड होते. सुईपासून पाव इंचावर यंत्राच्या पत्र्यावर चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला टेकवूनच शिवा. एका ओळीतल्या सगळ्या माया उजवीकडे आणि पुढच्या ओळीतल्या डावीकडे दाबा, म्हणजे दोन ओळी एकमेकींवर ठेवल्यावर शिवणी आपोआप एकमेकींत अडकतात आणि कोपरा बोटांना कळतो. इस्त्री वरून दाबा, घासत नेऊ नका. घासल्याने कापड तिरके ओढले जाते.

संकोचाविषयी माझे मत वेगळे आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर गीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तिथल्या स्त्रियांनी कामाच्या विरलेल्या कपड्यांपासूनही गोधड्या जोडल्या, त्यांतल्या कितीतरी गोधड्यांच्या पट्ट्या वाकड्यातिकड्या आहेत, आणि २००६ साली त्या गोधड्या अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर छापल्या गेल्या. रेषा वाकडी असली तरी चालेल. शिवण सुटत असेल, तर मात्र भेट देऊ नका.

प्रश्न : मला भेट मिळालेल्या गोधडीला पावसाळ्यात कुबट वास येतो. काय करावे?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : आपल्या खाडीकाठच्या हवेत जून ते सप्टेंबर जाड गोधडी आतून वाळत नाही, म्हणून ती मे महिन्यातच धुवा, दोन पूर्ण दिवस उन्हात उलटसुलट वाळवा आणि प्लास्टिकच्या पिशवीऐवजी जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात ठेवा. पावसाळ्यात ती धुऊ नका. ऊन पडेल त्या दिवशी बाहेर काढून तिची घडी वेगळ्या रेषेवर घाला.