परदेशातून नवा प्रशिक्षक आणल्याने भारतीय फुटबॉल क्लबची कामगिरी खरोखर सुधारते का? त्याला किती वेळ द्यावा?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, पुष्कळदा सुधारते. मात्र ती केवळ प्रशिक्षकामुळे सुधारली, असे जो छातीठोकपणे सांगतो त्याने संघाचा सराव जवळून पाहिलेला नसतो, असे माझे मत आहे. हे मत मला फुकट मिळालेले नाही. मुंबईतील एका क्लबात मी सहायक प्रशिक्षक होतो, तेव्हा लागोपाठच्या पराभवांनंतर आमच्या मुख्य प्रशिक्षकांना भर हंगामात नारळ देण्यात आला आणि त्यांच्या जागी युरोपातून एक गृहस्थ आणले गेले. विमानतळावर हारतुरे झाले, छायाचित्रे झाली आणि सेक्रेटरीसाहेबांनी आम्हा सर्वांसमोर सांगितले की, आपल्या माणसाचे पोरे ऐकत नाहीत, आता ऐकतील.

ते गृहस्थ कामाला वाघ होते, हे आधीच सांगतो. पहिल्या सकाळी ते एक जाडजूड फाइल घेऊन आले. तिच्या प्रत्येक प्लास्टिकच्या पाकिटात एकेका दिवसाचा तक्ता होता आणि त्यात सकाळ-संध्याकाळच्या सरावाची अर्ध्या-अर्ध्या तासाची आखणी केलेली होती. सरावाचे प्लास्टिकचे शंकू मांडून झाल्यावर मैदानाच्या माळ्याने त्यांना शांतपणे सांगितले की, मैदान आपल्याकडे फक्त सकाळी असते, दुपारनंतर ते शाळेला दिलेले आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मी मान डोलावली. फाइलमधली संध्याकाळची पाने त्यांनी तिथेच काढून माझ्या हातात दिली. नंतर चहा घेताना कळले की, करारापूर्वी त्यांना ज्या मैदानाची छायाचित्रे दाखवली होती ते आमचे नव्हतेच. शिवाय दोन संघांत मिळून एकच मसाजवाला आहे आणि फिजिओ मुळीच नाही, हेही त्यांना कोणी सांगितले नव्हते.

त्यांनी त्याच दिवशी फिजिओची मागणी केली आणि आठवडा संपायच्या आत फिजिओ आला. आमच्या जुन्या सरांनी हीच मागणी सलग दोन हंगाम लेखी केली होती. त्या अर्जांचा मसुदा मीच टंकित केला होता, त्यामुळे त्यातले शब्द मला पाठ आहेत: हॅमस्ट्रिंगच्या (मांडीमागच्या स्नायूंच्या) दुखापती वारंवार उद्भवत आहेत, खेळाडू पूर्ण बरे होण्याआधीच मैदानात उतरत आहेत, शेवटच्या वीस मिनिटांत संघ कोसळत आहे. एकाही अर्जाला पोच मिळाली नाही. फिजिओ आल्यावर आमचा डावा बचावपटू आणि मधल्या फळीतला मुख्य खेळाडू दोघेही तंदुरुस्त झाले, शेवटच्या वीस मिनिटांतले गोल खाणे थांबले आणि आम्ही सामने जिंकू लागलो. श्रेय कोणाला मिळाले, हे सांगण्याची गरज नाही. सेक्रेटरीसाहेबांचे आणि माझे त्यावरून जे वाजले, ते अजून मिटलेले नाही.

आता मोठ्या क्लबांकडे पाहू. स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा 2020 मध्ये मुंबई सिटीत आले आणि पहिल्याच हंगामात, म्हणजे 2020-21 मध्ये, संघाने इंडियन सुपर लीगची (आयएसएल) लीग शील्ड, म्हणजे साखळीत अव्वल येण्याचा मान, आणि बाद फेरीनंतरचा आयएसएल करंडक दोन्ही पटकावले. हे यश निर्विवाद आहे. परंतु त्याच वेळी अहमद जाहू, ह्यूगो बूमूस, मुर्तदा फॉल आणि मंदार राव देसाई हे एफसी गोवामधले त्यांचे चार खेळाडूही मुंबईत आले होते आणि 2019 च्या अखेरीस मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबात मोठा हिस्सा घेतलेला होता. त्यांच्यानंतरचे डेस बकिंगहॅम आणि त्यांच्यानंतरचे पीटर क्रॅटकी हे दोघेही त्याच समूहाच्या मेलबर्न सिटीत सहायक होते. क्रॅटकी भर हंगामात आले आणि मे 2024 मध्ये कोलकात्यात मोहन बागानला 3-1 ने हरवून करंडक घेऊन गेले. घरची पद्धत ठरलेली असेल, तर मधूनच आलेल्या माणसालाही गाडा ओढता येतो. उलट 2020 मध्ये ईस्ट बंगालने लिव्हरपूलचे माजी आघाडीवीर रॉबी फाउलर यांच्यासारखे जगप्रसिद्ध नाव प्रशिक्षक म्हणून आणले, पण त्यांना घाईघाईत जमवलेला संघ मिळाला आणि तो 11 संघांत नववा आला. आपल्या काही भारतीय खेळाडूंना यापूर्वी बहुधा कोणी शिकवलेच नसावे, अशा अर्थाचे विधान फाउलर यांनी पहिल्याच काही सामन्यांत केले होते. ज्या माणसांनी पावसाळ्यात चिखलातून त्या पोरांना घडवले, त्यांना ते वाचून काय वाटले असेल याचा विचार त्यांनी केला नसावा.

मला सर्वांत जास्त झोंबते ते भारतीय प्रशिक्षक क्लिफर्ड मिरांडा यांचे उदाहरण. जानेवारी 2020 च्या अखेरीस एफसी गोवाने, संघ गुणतक्त्यात अव्वल असतानाही, लोबेरा यांना दूर केले. मिरांडा यांनी हंगामी, म्हणजे तात्पुरती, सूत्रे घेतली, फेब्रुवारीत संघाने लीग शील्ड जिंकली आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत पोहोचणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. पुढच्या हंगामासाठी क्लबने स्पॅनिश प्रशिक्षक जुआन फेर्रांडो यांना नेमले. एप्रिल 2023 मध्ये मिरांडा यांनी पुन्हा हंगामी प्रशिक्षक म्हणून ओडिशा एफसीला सुपर कप जिंकून दिला आणि त्यानंतर ओडिशाने मुख्य प्रशिक्षक म्हणून ज्यांना आणले, ते पुन्हा सर्जिओ लोबेराच होते. लोबेरा यांच्या क्षमतेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मात्र जिंकून दाखवल्यावरही ज्याला ‘हंगामी’च राहावे लागते, त्याचे पोरे ऐकत नाहीत हा युक्तिवाद निदान कोणी माझ्यासमोर करू नये.

आमच्या मुंबईचेच सांगायचे तर भारतीय प्रशिक्षक खालिद जमील 2009 ते 2016 मुंबई एफसीचे (मुंबई सिटीहून हा वेगळा क्लब) प्रशिक्षक होते. पैसा बेताचा, संघ साधा, पण क्लब आय-लीग या राष्ट्रीय साखळीत टिकून होता. 2016 मध्ये दोघांची वाट वेगळी झाली. पुढच्याच हंगामात जमील यांनी मिझोरामच्या आयझॉल क्लबला, मुंबईच्या जयेश राणेसारख्या खेळाडूंना हाताशी घेऊन, आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. आणि त्याच हंगामात मुंबई एफसीने आधी संतोष कश्यप व मग स्पेनचे ऑस्कर ब्रुझोन असे प्रशिक्षक बदलले, तरी क्लब खालच्या श्रेणीत घसरला आणि पुढे बंदच झाला. कूपरेजवर ज्यांनी तो क्लब पाहिला आहे, त्यांना यावर अधिक काही सांगायला नको.

अर्थात यात एक गोष्ट नमूद करणे न्याय्य ठरेल. ब्रुझोन यांच्या हाती बुडते जहाज आले होते. त्यांनीच पुढे बांगलादेशात बशुंधरा किंग्जला सलग विजेतेपदे मिळवून दिली. तसेच भारतीय प्रशिक्षक म्हणजे जादूची कांडी असेही नाही. ऑगस्ट 2025 मध्ये मानोलो मार्केझ यांच्या जागी राष्ट्रीय संघाची सूत्रे घेणाऱ्या जमील यांच्या संघाने मध्य आशियाई स्पर्धेत ओमानला हरवून तिसरा क्रमांक मिळवला, पण ऑक्टोबरमध्ये गोव्यात फातोर्ड्याला सिंगापूरकडून हरून आशियाई चषकाची वाट गमावली. शिवाय परदेशी प्रशिक्षकांकडून मी स्वतः पुष्कळ शिकलो आहे; सरावाचा भार कसा मोजावा आणि सामन्यापूर्वी तो कसा उतरवत न्यावा, हे मला त्या फाइलवाल्या गृहस्थांनीच शिकवले.

किती वेळ द्यावा, याचे नेमके उत्तर देता येणार नाही, पण ज्याला स्वतःचे खेळाडू निवडण्याची एकही संधी मिळालेली नाही, त्याचा हिशेब मांडू नये. भर हंगामात आला असेल, तर पुढच्या हंगामाचा निम्मा भाग होईपर्यंत थांबावे. तोपर्यंत निकालांपेक्षा क्लबाच्या घोषणांकडे बारकाईने पाहा: नव्या प्रशिक्षकाबरोबर फिजिओ, विश्लेषक, गोलरक्षकांचा प्रशिक्षक, सरावाचे कायमचे मैदान यांपैकी काय आले? आणि समर्थकांच्या बैठकीत बोलायची संधी मिळालीच, तर व्यवस्थापनाला हे अवश्य विचारा की, या मागण्या आधीच्या प्रशिक्षकाने केल्या होत्या का, आणि केल्या असतील तर त्या अर्जांचे काय झाले. आमच्या सेक्रेटरीसाहेबांना हा प्रश्न मी वार्षिक सभेत विचारला होता. तेव्हा त्यांनी पुढचा विषय पुकारला.