आकडा वाढला म्हणजे धोका वाढला का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे लघुग्रहांविषयीची आहेत. त्यांतील काही प्रश्न एकमेकांशी जुळणारे असल्याने ते एकत्र करून उत्तरे देत आहे.

प्रश्न : २०२५ च्या सुरुवातीला ‘२०२४ वायआर४’ हा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता आधी एक टक्का, मग दोन, मग तीन टक्क्यांहून अधिक सांगण्यात आली. त्यानंतर आठवडाभरात ती जवळजवळ शून्यावर आली. गणिते चुकली होती, की लोकांपासून काही दडवले गेले?

यांपैकी काहीही घडले नाही. मात्र आपली शंका अगदी स्वाभाविक आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

हा लघुग्रह २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीमधील ‘ॲटलास’ या सर्वेक्षणाच्या दुर्बिणीला सापडला. त्याच्या दोनच दिवस आधी तो पृथ्वीजवळून, म्हणजे सुमारे सव्वाआठ लाख किलोमीटर अंतरावरून निघून गेला होता. म्हणजे तो दिसला तेव्हा दूर चालला होता आणि दिवसेंदिवस अंधुक होत होता. त्याच्या मार्गाचा अगदी छोटा तुकडा हाती होता आणि त्यावरून आठ वर्षांनंतर तो नेमका कुठे असेल, हे काढायचे होते. अशा वेळी उत्तर एका बिंदूत मिळत नाही, तर अवकाशात पसरलेल्या लांबलचक पट्ट्याच्या रूपात मिळते : त्या दिवशी लघुग्रह या पट्ट्यात कुठेतरी असेल, एवढेच खात्रीने म्हणता येते.

आता हिशेब पाहा. पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७०० किलोमीटर आहे. समजण्यासाठी गणित सोपे करून असे धरू, की तो पट्टा दहा लाख किलोमीटर लांब आहे, पृथ्वी त्याच्या आत येते आणि लघुग्रह पट्ट्यात कुठेही असण्याची शक्यता सारखीच आहे. मग टक्कर होण्याची शक्यता सव्वा टक्क्याच्या आसपास येते. आणखी काही रात्री वेध घेतले, मार्ग अधिक नेमका कळला आणि पट्टा चार लाख किलोमीटरचा झाला. पृथ्वी अजूनही त्याच्या आतच असेल, तर तोच भागाकार आता तीन टक्क्यांच्या वर जातो. लघुग्रहाने वाट बदललेली नाही. कमी झाले ते केवळ आपले अज्ञान. हरवलेली किल्ली दहा खोल्यांपैकी एका खोलीत आहे आणि आपण सात खोल्या धुंडाळून रिकाम्या हाताने बाहेर आलो, तर आठव्या खोलीत ती सापडण्याची आशा वाढते. किल्ली मात्र पहिल्यापासून जिथे होती तिथेच असते.

पुढे पट्टा आणखी आखडतो आणि बहुतेक वेळा एका क्षणी पृथ्वी त्याच्या कडेबाहेर पडते. त्या क्षणी आकडा हळूहळू उतरत नाही, कोसळतो. १८ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या ‘नासा’ने ३.१ टक्के ही शक्यता जाहीर केली, दुसऱ्या दिवशी ती १.५ टक्क्यांवर आली आणि २४ फेब्रुवारीपर्यंत ०.००४ टक्क्यांपर्यंत उतरली. मधल्या काळात आकाशात काहीही घडलेले नव्हते. खरे तर १२ फेब्रुवारीच्या पौर्णिमेच्या आसपास चांदण्यामुळे या अंधुक ठिपक्याचे वेध घेणेच अवघड झाले होते. चंद्र उतरणीला लागल्यावर नवे वेध मिळाले आणि त्यांतून उलगडा झाला. आकडा आधी चढणे आणि मग एकदम पडणे हा या गणिताचा नेहमीचाच क्रम आहे. बातम्यांनी चढण रोज ठळक मथळ्यात दाखवली आणि हा क्रम समजावून सांगायला मात्र दोन ओळींचीही जागा ठेवली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. वाचकांची भीती त्या न लिहिलेल्या दोन ओळींमुळे वाढली.

आणखी एक बाब. सुमारे ६० मीटर आकाराचा हा दगड खरोखर आदळला असता, तरी पृथ्वीचा अंत झाला नसता. ३० जून १९०८ रोजी सायबेरियातील तुंगुस्का परिसरात साधारण याच आकाराचा पिंड हवेत फुटल्याचे मानले जाते. तेथे दोन हजार चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्रातील जंगल आडवे झाले. एखाद्या महानगरावर असे घडले तर ती भीषण आपत्ती ठरेल, यात शंका नाही. पण एका शहरावरची आपत्ती आणि साऱ्या जगाचा विनाश या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या वेगळ्याच ठेवल्या पाहिजेत.

प्रश्न : खात्री नसताना अशी माहिती जाहीर करायचीच कशाला? शास्त्रज्ञांनी आपापसांत पडताळणी करून मगच बोलावे, असे वाटते.

हा विचार नवा नाही. मार्च १९९८ मध्ये ‘१९९७ एक्सएफ११’ या लघुग्रहाविषयी एक परिपत्रक निघाले, की तो २०२८ च्या ऑक्टोबरमध्ये पृथ्वीच्या फारच जवळून जाईल आणि टक्कर पूर्णपणे नाकारता येत नाही. जगभर मथळे झळकले. दुसऱ्याच दिवशी १९९० मधील जुन्या छायाचित्रांत तोच लघुग्रह सापडला, मार्ग नेमका कळला आणि तो साडेनऊ लाख किलोमीटरच्या आसपास अंतर राखून जाणार, हे स्पष्ट झाले. त्या वेळी खगोलशास्त्रज्ञांवर टीका झाली आणि ‘आधी पडताळा, मग बोला’ हा आपलाच आग्रह अनेकांनी धरला.

तरीही मी उलट बाजूने उभा आहे. ती जुनी छायाचित्रे इतक्या तातडीने का शोधली गेली? माहिती उघड झाली होती म्हणून. लघुग्रहाचे वेध जगातील डझनावारी वेधशाळा घेतात, त्यांत हौशी निरीक्षकही असतात, आणि त्या सर्वांची निरीक्षणे एका सामाईक संचात जमा होतात. कोणत्या पिंडाकडे दुर्बीण वळवायची, हे त्यांना कळलेच नाही तर पडताळणी होणार तरी कशी? शिवाय निरीक्षणे सर्वांसाठी खुली असल्याने कक्षा कोणालाही काढता येते. अधिकृत संस्था गप्प राहिल्या, तर ती पोकळी अर्धवट गणिते आणि अफवा भरून काढतील, आणि त्यानंतर कितीही खरे सांगितले तरी त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

१९९८ च्या अनुभवातून शिस्तही आली. १९९९ मध्ये इटलीतील तोरिनो शहरात भरलेल्या परिषदेत ० ते १० अशी धोक्याची मापनश्रेणी स्वीकारली गेली. आता तर नियमच आहे : १० मीटरहून मोठ्या लघुग्रहाची टक्कर होण्याची शक्यता एक टक्क्याच्या पुढे गेली, की आंतरराष्ट्रीय इशारा जाळ्याने त्याची रीतसर सूचना द्यायची. ‘२०२४ वायआर४’ याच नियमाने जाहीर झाला आणि तिसऱ्या पायरीवर ठेवला गेला. त्या पायरीच्या व्याख्येतच म्हटले आहे, की नव्या वेधांनंतर हा पिंड शून्याच्या पायरीवर जाण्याचीच शक्यता जास्त आहे. हे वाक्य बातमीत छापले गेले असते, तर आपण हा प्रश्न कदाचित विचारला नसता.

पुढच्या वेळी असा आकडा वाचनात आला, तर त्याची तारीख आणि पुढचे वेध केव्हा मिळणार आहेत हे पाहावे. या दोन गोष्टींविना दिलेला टक्का अर्धवट असतो.

प्रश्न : ‘अपोफिस’ २०२९ मध्ये आदळणार, असे एका चित्रफितीत ठामपणे सांगितले आहे. खरे काय?

आदळणार नाही. २००४ मध्ये सापडलेल्या या साडेतीनशे मीटरच्या आसपासच्या लघुग्रहाची शक्यता त्या वर्षीच्या डिसेंबरअखेर २.७ टक्क्यांपर्यंत चढली होती आणि तो तोरिनो श्रेणीच्या चौथ्या पायरीवर गेला होता. त्या पायरीवर पोहोचलेला दुसरा लघुग्रह नाही. पण २६ डिसेंबरला हिंदी महासागरात त्सुनामी आली, जगाचे सारे लक्ष तिकडे लागले आणि ही बातमी फार थोड्यांनी वाचली. तेवढ्यात जुन्या प्रतिमांवरून २०२९ मधील टक्कर नाकारलीही गेली. २०२१ मध्ये रडारने घेतलेल्या वेधांनंतर पुढील किमान शंभर वर्षांसाठी तो यादीतून वगळण्यात आला आहे. १३ एप्रिल २०२९ रोजी तो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून, म्हणजे आपल्या काही दळणवळण उपग्रहांपेक्षाही जवळून जाईल आणि आकाश निरभ्र असेल तेथे पूर्व गोलार्धातील लोकांना नुसत्या डोळ्यांनी दिसू शकेल.

प्रश्न : समजा, एखाद्या लघुग्रहाची टक्कर निश्चित ठरली, तर माणूस काही करू शकतो का?

वेळ हाताशी असेल तर करू शकतो, आणि हे आता केवळ कागदावर राहिलेले नाही. २६ सप्टेंबर २०२२ रोजी ‘डार्ट’ हे यान सेकंदाला सहा किलोमीटरहून अधिक वेगाने डायमॉर्फस या सुमारे १६० मीटरच्या पिंडावर मुद्दाम आदळवण्यात आले. हा पिंड डिडिमॉस नावाच्या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो. धडकेपूर्वी एका फेरीला ११ तास ५५ मिनिटे लागत होती, नंतर ११ तास २३ मिनिटे लागू लागली. किमान ७३ सेकंदांचा फरक पडला तरी मोहीम यशस्वी मानायची असे ठरले होते. प्रत्यक्षात अर्ध्या तासाहून अधिक फरक पडला. या दोन्ही पिंडांपासून पृथ्वीला धोका नव्हता, म्हणूनच त्यांची निवड झाली होती.

अशा धक्क्याने दगड फोडायचा नसतो, त्याची वेळ चुकवायची असते. वेगात सेकंदाला एका सेंटीमीटरचा फरक पडला, तरी साध्या गुणाकाराने दहा वर्षांत तीन हजार किलोमीटरचे अंतर पडते. तोच धक्का टक्करीच्या महिनाभर आधी दिला, तर जेमतेम २५ किलोमीटर. म्हणून सारी भिस्त लवकर शोधण्यावर आहे.

आणि खरी काळजी वाटते ती इथे. एक किलोमीटरहून मोठे, जगभर परिणाम करू शकणारे पृथ्वीजवळचे लघुग्रह नव्वद टक्क्यांहून अधिक सापडले आहेत आणि त्यांतील एकही पुढील शतकभरात आपल्या वाटेवर नाही. परंतु १४० मीटर व त्याहून मोठ्या लघुग्रहांपैकी निम्मेही अजून सापडलेले नाहीत. अमेरिकेच्या कायद्याने त्यांतले नव्वद टक्के शोधण्यासाठी घातलेली २०२० ची मुदत केव्हाच उलटून गेली. सूर्याच्या बाजूने येणारे पिंड तर जमिनीवरील दुर्बिणींना दिवसाच्या उजेडात दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी अवरक्त किरणांत पाहणारी दुर्बीण अवकाशात पाठवण्याची तयारी सुरू आहे. एका लघुग्रहाच्या तीन टक्क्यांवर जेवढी चर्चा झाली, तिच्या निम्मी तरी या न सापडलेल्या निम्म्यांवर व्हायला हवी होती.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गातील मुले ‘पृथ्वी कधी संपणार?’ असे विचारतात. दोघीजणी तर रात्री झोपत नाहीत, असे पालक सांगतात. त्यांना काय सांगावे?

प्रथम त्यांच्या भीतीला हसू नये, आणि वर्गातल्या इतर कोणाला हसू देऊ नये. मोठी माणसेही अशीच घाबरली आहेत. मे १९१० मध्ये पृथ्वी हॅलेच्या धूमकेतूच्या शेपटीतून जाणार होती आणि त्या शेपटीत सायनोजन हा विषारी वायू असल्याचे वर्णपटावरून कळले होते. शेपटी इतकी विरळ असते, की तिचा वातावरणावर काहीही परिणाम होणार नाही, असे शास्त्रज्ञ सांगत होते. तरीही काही देशांत लोकांनी दारांच्या फटी आणि कुलपांची भोके बुजवली, धूमकेतूवरचा उतारा म्हणून गोळ्या विकल्या गेल्या आणि विकतही घेतल्या गेल्या. ती रात्र आली आणि गेली, कोणालाही काही झाले नाही. ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. ‘काही होणार नाही, गप्प बसा’ या शब्दांपेक्षा तिच्यातून अधिक धीर मिळतो.

त्यानंतर, आकाशावर रोज रात्री पहारा आहे, मोठे दगड आपल्याला माहीत आहेत आणि लहान दगड बहुतेक वेळा हवेतच जळून जातात, हे सांगावे. ऑक्टोबर २००८ मध्ये एक चार मीटरचा पिंड पडण्यापूर्वी २० तासांच्या आतच सापडला होता. तो सुदानच्या वाळवंटावर कोसळेल हे आधी वर्तवले गेले, तसेच घडले आणि पुढे त्याचे तुकडे वाळूतून वेचलेही गेले. मुलांना ही गोष्ट नक्की आवडेल.

आणि एक गोष्ट त्यांच्याकडून करून घ्यावी, कारण हाताला काम मिळाले की भीती ओसरते. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी सकाळी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे २० मीटरचा पिंड तीसेक किलोमीटर उंचीवर फुटला. सूर्याच्या बाजूने आल्यामुळे तो आधी कोणालाच दिसला नव्हता. डोळे दिपवणारा प्रकाश पडला आणि लोक तो पाहायला खिडक्यांशी धावले. प्रकाश लगेच पोहोचतो, पण हवेतील दाबाची लाट मागाहून येते. ती शहरात पोहोचायला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागला. तोवर माणसे काचेला नाक लावून उभी होती. सुमारे दीड हजार जण जखमी झाले, त्यांतले बहुतेक फुटलेल्या काचांनी. मृत्यू एकही झाला नाही.

विजेचा लखलखाट आणि गडगडाट यांमधले सेकंद मुले मोजू शकतात, तेव्हा हेही त्यांना सहज समजेल : आकाशात अचानक प्रचंड उजेड दिसला, तर खिडकीकडे धावायचे नाही, तिच्यापासून लांब जायचे, बाकाखाली बसायचे आणि मोठ्या आवाजाची वाट पाहायची. त्या सकाळी चेल्याबिन्स्कच्या एका शाळेत चौथीच्या शिक्षिकेला हा प्रकाश कशाचा आहे, हे ठाऊक नव्हते. तरीही तिने वर्गातल्या ४४ मुलांना बाकांखाली बसायला लावले आणि स्वतः उभी राहिली. काचा फुटल्या, तिच्या हाताला खोल जखम झाली. मुलांपैकी एकालाही काच लागली नाही.